मानेवरची गाठ आणि सुभेदारांचा गळा

माझ्या मानेवर एक गाठ आहे, हे मला सोडून कुणालाही दिसलं असतं. गाठ मागच्या बाजूला आणि माझे डोळे पुढे, त्यामुळे यात माझा तसा काही दोष नाही. पण हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या बाईला स्वतःच्या अंगावरची गोष्ट सोनाराच्या दुकानात कळावी, हे जरा लागतंच.

त्याचं झालं असं, की माझं मंगळसूत्र डावीकडे सरकायला लागलं. सकाळी नीट मधोमध घ्यावं, भाकऱ्या थापायला बसावं, आणि उठेपर्यंत वाट्या खांद्याच्या दिशेने निघालेल्या. मी लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं ते आमच्या यजमानांनी. हे फौजेतून सुभेदार होऊन परत आले, त्यामुळे सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणतं आणि मीही म्हणते. मी शाळेत होते म्हणून सगळं गाव मला बाई म्हणतं आणि तेही म्हणतात. (आमचा संसार असा हुद्द्यांवर चाललाय.) सुभेदारांचा जगात कुणावरच विश्वास नाही. घरातलं एक घड्याळ दुसऱ्यावर तपासायचं आणि मग दोन्हींवर संशय घ्यायचा, अशी त्यांची पद्धत.

"बाई, सोनारानं गंडवलंय," एक दिवस ते म्हणाले. "येक वाटी जड हाय."

"अहो, लग्नातलं मंगळसूत्र आहे. लग्नातली वाटी आज जड झाली का?"

"त्येच तर. इतक्या वर्सांनी कोण बघतंय, आसं वाटलं आसंल त्याला."

मूळ सोनार कधीच देवाघरी गेला होता. पण संशयाला वारस चालतात. आम्ही कोरेगावात त्याच्या मुलाच्या दुकानात गेलो. मुलानं दोन्ही वाट्या ओवणीतून सोडवून काट्यावर ठेवल्या. वजन सारखं. सुभेदारांनी काट्यावर संशय घेतला. त्यानं दुसरा काटा आणला. तोही तेच म्हणाला. मग बिचाऱ्यानं सगळं पुन्हा ओवलं आणि म्हणाला, "काकू, तुम्ही घालूनच दाखवा."

मी घातलं. मंगळसूत्र सगळ्यांच्या देखत डावीकडे निघालं. चोर पकडायला सुभेदार माझ्या मागे गेले, आणि त्यांचं बोट माझ्या मानेवर थांबलं.

"बाई, हितं काय हाय?"

"मान."

"मान न्हवं. मानंवर काय हाय?"

मी हात मागे नेला. केसांच्या खाली, जरा उजवीकडे, कातडीच्या आत मऊ काहीतरी होतं. दाबलं की बोटाखालून सटकायचं. दुखत नव्हतं. त्या उंचवट्यावरून साखळी आपली उतारानं डावीकडे घसरत होती. सोनाराचा मुलगा तेवढ्यात म्हणाला, "म्हणजे आमच्या वाट्या सुटल्या ना आता?"

साताऱ्याच्या डॉक्टरांनी गाठ दोन बोटांनी हलवून पाहिली, दुखते का विचारलं, किती दिवसांपासून आहे विचारलं (मी म्हणाले, सोनाराला विचारा), आणि सांगितलं, "चरबीची गाठ आहे. लायपोमा म्हणतात. मऊ आहे, हलते आहे, काळजीचं काही दिसत नाही. त्रास नसेल तर राहू द्या. वाढायला लागली तर काढू."

गाडीत बसल्याबरोबर सुभेदार म्हणाले, "ह्यो माणूस काईतरी लपवतोय."

"कशावरून?"

"काईच न्हाई म्हणला. हात लावला आन् काईच न्हाई म्हणला. मशीन न्हाई, फोटो न्हाई. आसं कुटं आसतंय व्हय?"

मी त्यांना समजावून सांगितलं, की शरीरात चरबीच्या पेशी असतात, त्या कधीकधी एका जागी गोळा होतात, त्याला पातळ आवरण येतं आणि गाठ बनते. सगळं इयत्ता आठवीच्या पद्धतीनं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि घरी पोचताच सांगलीला आक्कांना फोन लावला.

आक्का म्हणजे सुभेदारांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली म्हणून यांना त्यांनीच वाढवलं. साऱ्या मुलखाला दरारा वाटणारे आमचे सुभेदार आक्कांच्या तोंडी अजून बाळू आहेत. फोन स्पीकरवर होता.

"आवाळू हाय ते, बाळू. आमच्या सासूला व्हतं. लिंबाएवडं व्हतं, मग पेरूएवडं झालं. शेवटी म्हातारीला पदर घिता यीना. हिकडं घिऊन ये तिला. सांगलीत चांगला सर्जन हाय."

जाईपर्यंत दोन महिने गेले. सांगलीच्या सर्जननी फोटोही काढला आणि सुईही घातली. सोनोग्राफीत गाठ स्वच्छ दिसली, सुईच्या तपासणीत चरबी निघाली. ते म्हणाले, "साधीच आहे. पण मान आहे, वर साखळी घासते, आणि तुम्ही म्हणता तशी मधल्या काळात थोडी वाढलीही आहे. काढून टाकू. पूर्ण भूल लागणार नाही, तेवढी जागा बधिर करू."

सुभेदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "सातारा म्हणतंय ठेवा. सांगली म्हणतंय काढा. दोगांतलं येक खोटं बोलतंय."

"अहो, दोघंही खरं बोलतायत. त्रास नाही तोवर ठेवायची, वाढली की काढायची."

"दोगंबी खरं बोलत्यात?" ते विचारात पडले. "मग तर लयच गडबड हाय."

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. मला गाठीची भीती नव्हती, सुरीची नव्हती. एक शास्त्र शिकलेली बाई म्हणून मी शांत होते आणि आपण किती शांत आहोत हे मी आल्यागेल्याला सांगतही होते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टर आत आली आणि म्हणाली, "मॅडम, बांगड्या, कानातलं, गळ्यातलं सगळं काढून द्या." मी बांगड्या काढल्या. कानातलं काढलं. मंगळसूत्राला हात घातला आणि सुभेदार खुर्चीतून उठले.

"ते न्हाई काढायचं."

"सर, मानेचंच ऑपरेशन आहे," सिस्टर म्हणाली.

"ते खरं. पन ते न्हाई काढायचं."

आता हे सांगायला हवं, की आमच्या सासरी हे प्रकरण फार कडक. माझ्या आजेसासूबाईंचं मंगळसूत्र एकदा शेतात तुटलं, तर दुसरं ओवून येईपर्यंत त्या बांधावरून हलल्या नव्हत्या, असं आक्का सांगतात. लग्न झाल्यापासून माझाही गळा एक क्षण मोकळा राहिला नव्हता. सोनाराकडेसुद्धा वाट्या काढल्या तेव्हा आक्कांच्या सांगण्यावरून मी गळ्यात काळी पोत घालून बसले होते. पण आज मानेवर पोतसुद्धा चालणार नव्हती.

"अहो, असं काय लहान मुलासारखं," मी हळूच म्हणाले. "गळ्यातल्या मण्यांचा आणि तुमच्या आयुष्याचा काही संबंध आहे का? कार्यकारणभाव काय?"

त्यांनी उलट मलाच विचारलं. "बाई, मी बर्फात व्हतो तवा तुज्या गळ्यात ते व्हतं का न्हवतं?"

"होतं."

"मी आलो का न्हाई माघारी?"

"आलात."

"मग? कवा काढून बगितलंस का?"

प्रयोगाच्या दृष्टीनं मुद्दा बिनतोड होता. खरं सांगायचं तर माझं हसूही जरा थांबलं. सियाचीनहून परत आलेला माणूस दवाखान्याच्या खोलीत घामाघूम होऊन उभा होता. सिस्टरनं सुचवलं, मनगटाला गुंडाळा. पण एका हाताला सलाइन लागणार होतं, दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा. पर्समध्ये ठेवायला सोबत आलेल्या आक्का तयार नव्हत्या. टेबलावर तर नाहीच नाही. "खाली ठिवायचं न्हाई," आक्का म्हणाल्या. "कुनाच्या तरी गळ्यात पायजे. आन् माज्या गळ्यात माजं हाय." मग त्यांनी भावाकडे पाहिलं. "ज्याच्या नावाचं हाय, त्याच्याच गळ्यात घाल की गं."

मी मंगळसूत्र काढलं आणि त्याच झटक्यात सुभेदारांच्या गळ्यात घातलं. आक्का बाजूला उभ्या राहून मधे फट पडत नाही ना, हे बघत होत्या. सुभेदारांनी ते शर्टाच्या आत सारलं आणि शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावली. उन्हाळ्याचे दिवस, सांगलीचा उकाडा, आणि हा गृहस्थ गळ्यापर्यंत गुंड्या लावून बाकावर ताठ बसलेला. मला इतकं हसू आलं, की सिस्टरला माझा रक्तदाब दोनदा घ्यावा लागला.

आत मला पालथं झोपवलं. तोंड एका गोल उशीत, वर हिरवं कापड. मला फक्त फरशी दिसत होती, आणि फरशीवरच्या चपला. निळ्या डॉक्टरांच्या, पांढऱ्या सिस्टरच्या. बधिर करायचं इंजेक्शन चांगलंच झोंबलं, मग मान माझी राहिलीच नाही. "आता दुखणार नाही," डॉक्टर म्हणाले. "नुसतं ओढल्यासारखं होईल." आणि खरंच, कुणीतरी दूर कुठंतरी काही ओढत होतं. मी शांत होते. मनातल्या मनात मी त्वचेचे थर म्हणत होते.

मग दार उघडलं. दुसऱ्याच पांढऱ्या चपला घाईत आत आल्या, निळ्या चपलांशेजारी थांबल्या, आणि वर कुजबुज झाली.

माणसाला तोंडं दिसत नाहीत तेव्हा चपला फार बोलतात. निळ्या चपला थबकल्या. मानेवरचं ओढणं थांबलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "वाटत नाही तसं काही. पण आपण खात्री करून घेऊ."

मी मनात त्वचेचे थर म्हणायचं सोडलं. माझ्या डोक्यात सुभेदारांचा आवाज आला, ह्यो माणूस काईतरी लपवतोय. म्हणजे गाठ साधी नव्हती. म्हणजे साताऱ्याच्यांना माहीत होतं. सुईत काय निघालं ते मला कुणी दाखवलं होतं का? कागद दाखवला होता. कागद कुणीही लिहितं. सोनाराच्या मुलानंसुद्धा त्या दिवशी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं होतं!

"डॉक्टर," मी उशीतून म्हणाले, "जे काही असेल ते मला सरळ सांगा. मी विज्ञानाची शिक्षिका आहे."

"मॅडम, तुमचं उत्तम चाललंय. मान हलवू नका." मग ते म्हणाले, "तुमच्या मिस्टरांच्या छातीत जरा भरून आलंय. बहुतेक काही नाही. घाम आलाय, सकाळपासून पोटात काही नाही म्हणतात. ईसीजी काढून घेतोय."

पोटात काही नाही, हे खरं होतं. मला उपाशी ठेवलं म्हणून त्यांनीही काही खाल्लं नव्हतं, आणि आक्कांनी चहासुद्धा पिऊ दिला नव्हता, कारण बायकोचं मंगळसूत्र गळ्यात असताना पुरुषानं तोंड उष्टं करावं की नाही हे त्यांना नक्की ठरवता येत नव्हतं. त्यात ती वरची गुंडी. सगळी कारणं मला समजत होती. एकेक कारण मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं असतं. पण माझा गळा मोकळा होता, लग्नानंतर पहिल्यांदा मोकळा होता, आणि बाहेर त्यांच्या छातीत भरून आलं होतं.

"अडचण अशी आहे," ती नवी सिस्टर म्हणाली, "की ते शर्ट काढू देत नाहीत. कसाबसा उघडला, तर आत मंगळसूत्र आहे. छातीवर वायर लावायच्या तर ते काढायला हवं. काढा म्हटलं की हात धरतात."

दार अर्धवट उघडं असावं, कारण बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"बाळू, काडू नगंस रं. ती आत हाय."

"न्हाई काडत मी. तुमी वरनं काय काडायचं ते काडा."

"सर, शर्टावरून ईसीजी निघत नाही."

"मग नगं काडू."

निळ्या चपला माझ्या डोक्याकडे वळल्या. डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुम्हीच आतून सांगा ना. तुमचं ऐकतील. दोन मिनिटांसाठी काढा म्हणावं. तुम्ही तर सायन्सच्या."

सगळं थिएटर माझ्याकडे बघत असणार. मला फरशी दिसत होती. मी तोंड उघडलं, कार्यकारणभाव वगैरे काय ते बोलायला, आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला तो थेट आक्कांचा.

"काढू नका म्हणावं."

"मॅडम?"

"पाठीवर टाका. साखळी फिरवा आणि वाट्या मागे पाठीवर टाका. छाती मोकळी होईल. पण गळ्यातून काढायचं नाही. माझे टाके पूर्ण होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. अहो, ऐकलंत का!"

"ऐकलं," बाहेरून सुभेदारांचा बारीक आवाज आला.

"मान हलवू नका," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज हलत होता. सिस्टरच्या पांढऱ्या चपला एकदम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्या का ते मला ठाऊक आहे.

ईसीजी चांगला निघाला. गॅस होता, उपाशीपोटीचा. डॉक्टरांनी आतूनच निरोप पाठवला, की त्यांना पोहे द्या आणि गुंडी काढा. मग त्यांनी माझी गाठ बाहेर काढली, आतून दोऱ्यांनी जागा मिटवली, वर टाके घातले. सगळं आवरून मला खोलीत आणल्यावर बाटलीत ठेवलेली गाठ दाखवली. पिवळीधमक, लोण्याच्या गोळ्यासारखी. मी सुभेदारांकडे पाहिलं. ते पोह्यांची बशी धरून, वाट्या पाठीवर तशाच ठेवून आत आले होते. पडलेला चेहरा. माझ्या मानेवरचं ड्रेसिंग त्यांनी बघितलं आणि त्यांचे डोळे भरले.

"मला वाटलं तुला काईतरी झालं," ते म्हणाले. "पांढऱ्या चपलंची बाई पळत आत गेली."

"ती तुमचंच सांगायला आली होती."

"मला काय म्हाईत. मी म्हणलं, गळ्यात माज्या हाय, तिच्या न्हाई. म्हंजी तिला राखायला कोन हाय?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस स्वतःच्या जिवाला जपतोय. त्यांच्या हिशेबात ते मणी मलाही राखत होते, आणि मला तो हिशेब कधी विचारावासाही वाटला नव्हता. मी त्यांचा हात धरला. मग त्यांनी डोळे पुसले, बाटली उजेडात धरली आणि डॉक्टरांना विचारलं, "सगळी हीच का? थोडी मागं ठिवली न्हाई न्हवं?"

गाठ तपासणीला गेली. रिपोर्ट आला, साधी चरबी, आणखी काही नाही. सुभेदारांनी तो वाचला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो आपल्याच गाठीचा कशावरनं?" खरं म्हणजे मीही नाव दोनदा वाचलं होतं.

जखम भरेपर्यंत मानेला काही घासू द्यायचं नव्हतं. म्हणजे तोवर मंगळसूत्र सुभेदारांकडेच. आता तुम्हाला वाटेल, आक्कांनी पहारा ठेवला असेल. आक्का सांगलीतच राहिल्या. पहारा मी ठेवला. रोज सकाळी त्यांच्या कॉलरमध्ये बोट घालून बघायचे, आहे का. आंघोळीला गेले की दाराबाहेरून विचारायचे. मोटारसायकलची किल्ली मी डब्यात टाकली, विहिरीकडे जायचं तर माझ्याबरोबर. एक दिवस ऊस भिजवताना त्यांनी शर्ट काढला आणि बांधावरच्या गड्यांनी पाहिलं.

"सुभेदार, गळ्यात काय वो हे?"

"बायकूचं हाय. ती बरी हुईस्तवर माज्याकडं."

त्या संध्याकाळी गावातल्या बायका आमच्याकडे येऊन माझी मान बघून गेल्या आणि जाताना जरा जास्त वेळ सुभेदारांकडे बघत होत्या.

टाके निघाले. डॉक्टरांनी मान तपासली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "छान भरलंय. आता घाला खुशाल." सांगलीच्या दवाखान्यातच सुभेदारांनी स्वतःच्या गळ्यातलं काढून माझ्या गळ्यात घातलं, आक्कांनी वर कुंकू लावलं. साखळी आता सरळ मधोमध राहते. सुभेदारांनी मोकळ्या गळ्यावर हात फिरवला आणि पहिली गोष्ट मागितली ती मोटारसायकलची किल्ली.

घरी आल्यावर डब्यातून काढून किल्ली मी दिली. पण टाके काढायच्या आदल्याच दिवशी सांगलीत आक्कांबरोबर बाजारात जाऊन मी त्यांच्यासाठी काळा दोरा आणला होता, तो आधी दंडाला बांधला. विज्ञानाच्या दृष्टीनं काळ्या दोऱ्याला काहीही अर्थ नाही, हे मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलेलं आहे. एका दोऱ्यानं काहीच होत नाही. म्हणून मी दोन बांधलेत.